कामठी आणि लीडचा हिशेब

अंदाजपत्रक करायला बसलो की मी आधी रेती, गिट्टी आणि विटा किती लांबून येणार ते पाहतो. या अंतराला आमच्या धंद्यात लीड म्हणतात. सरकारी दरसूचीतही मालाच्या दरावर किलोमीटरप्रमाणे लीड चढतो. माझं कामठी गाव कसं उभं राहिलं, हे मला लीडच्या या एका रकान्यातून नीट समजतं.

1817 मध्ये नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली आणि 1821 मध्ये इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसवली. भोसल्यांच्या राजधानीजवळ फौज हवी होती, म्हणून जागा नागपूरपासून दहाएक मैलांवर. पण मिस्त्रीच्या नजरेनं पाहा. पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला मिळतात, त्याच्या थोडं खाली हे गाव. पात्रात धुतलेली रेती, काही मैलांवर सिलेवाड्याच्या खाणीत वालुकाश्म. माल बंडीवर यायचा त्या काळी प्रत्येक कोस बैलाच्या चाऱ्यात आणि गाडीवानाच्या रोजात मोजावा लागे, आणि दगडाइतकं जड दुसरं काही नसे. म्हणून बांधकामाला आधी जवळचा माल. याच सिलेवाड्याच्या दगडात मिशनरी स्टीफन हिस्लॉपला वनस्पतींचे जीवाश्म सापडले. पुढे भूशास्त्रज्ञांनी खडकांच्या त्या थराला कामठीचंच नाव दिलं. गावाच्या नावानं एक अख्खा थर ओळखला जातो, याचा मला फार अभिमान वाटतो.

रुंद रस्ते, बागा, तलाव, मोठी बाजारपेठ असं गाव झालं. मग 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली आणि व्यापार तिकडे वळला. 1901 च्या जनगणनेत कामठीत 38,888 माणसं होती. 1881 पासून आकडा घसरतच आला होता.

लीडचा हिशेब पुन्हा कामठीच्या बाजूनं झुकला तो राखेमुळे. आमच्याच तालुक्यातल्या कोराडीला 1974 मध्ये औष्णिक वीज सुरू झाली, खापरखेड्याचं सध्याचं केंद्र 1989 मध्ये, आणि जळालेल्या कोळशाची राख जवळच मिळू लागली. भट्टीची लाल वीट शेताची वरची माती खाते. राखेच्या विटेला भट्टीही नको आणि ती मातीही नको. 1999 च्या केंद्रीय अधिसूचनेनं वीज केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आतल्या मातीच्या विटांमध्ये किमान 25 टक्के राख सक्तीची केली. 2016 मध्ये तर 100 किलोमीटरपर्यंत राख पोचवण्याचा खर्च वीज केंद्रावरच टाकला. कायद्यानं लीड दुसऱ्याच्या खात्यात नेला, हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

तरी उचलली न गेलेली राख साठतच राहिली. जुलै 2022 मध्ये कोराडीच्या खसाळा राखबंधाऱ्याचा बांध फुटला आणि राखेचा चिखल शेतांत, नाल्यांत शिरला. त्या शेतकऱ्यांचं नुकसान विटेच्या दरात कुठेच धरलेलं नसतं. दरसूचीत त्यासाठी एक रकाना वाढवावा, अशी माझी मागणी आहे.