सात दिवसांत उत्तर नाही म्हणजे मंजुरी : गाडीतल्या बदलांचा विसरलेला इतिहास

फटाके फोडणारे सायलेन्सर रस्त्यावर ओळीनं मांडायचे आणि त्यांवरून रोडरोलर फिरवायचा, हा व्हिडिओ दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या शहरातून येतो. आला की मीही त्याला लाइक देतो. रात्री साडेअकराला अख्ख्या गल्लीची झोप मोडणाऱ्या बुलेटबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. पण त्याखाली एक कॉमेंट हमखास असते : "हे मॉडिफिकेशन प्रकरणच कायमचं बंद करा." तिथं मात्र बोलावंसं वाटतं. कारण आपल्याकडे गाडीत बदल करणं हे बड्या बापाच्या पोरांनी काढलेलं फॅड नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात कायदा एकदा चांगलाच उलटा फिरलाय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी तो काळ समजून घ्या. स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं आपल्याकडे गाडी 'निवडणं' हा प्रकारच नव्हता. मोटारी म्हणजे हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसिडर, कुर्ल्याच्या प्रीमियरची फियाट (१९७४ पासून तिचं नाव पद्मिनी) आणि मद्रासची स्टँडर्ड. खेड्यापाड्यात महिंद्राची जीप. परदेशी गाडी आणणं जवळपास अशक्य. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबा. मोटारीची किंमतसुद्धा सरकार ठरवायचं, आणि ती किती असावी हा वाद सुप्रीम कोर्टात गेला होता. अशा काळात गाडी विकून दुसरी घेणं हा पर्याय मोजक्यांनाच होता. बाकीच्यांनी आहे त्याच गाडीला हवं तसं करून घेतलं. ते करून देणारा माणूस म्हणजे मेस्त्री.

आमच्या घरातलंच उदाहरण देतो. काकांची जीप १९७२ ची, पेट्रोलवाली. तिच्यात हरिकेन नावाचं २.२ लिटरचं इंजिन. मजबूत, पण तहान हत्तीची. काकांच्या वहीत लिटरला साडेसहा-सातच्या वर आकडा कधी गेला नाही. डिझेल तेव्हा पेट्रोलच्या निम्म्याहून कमी किमतीला मिळायचं. १९९१ मध्ये काकांनी हरिकेन काढून मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं. पश्चिम महाराष्ट्रात हे काम तेव्हा इतकं सर्रास चालायचं की मेस्त्रीनं हिशेब तोंडीच सांगितला.

मी तेव्हा शाळेत होतो. बॅटरी धरणं आणि पाने-पक्कड हातात देणं एवढंच काम, पण बघितलं सगळं. इंजिन काढून इंजिन ठेवलं, इतकं सोपं ते नसतं. जीपचा गिअरबॉक्स आणि मॅटाडोरचं इंजिन यांची भोकं जुळत नाहीत. मधे जाड पोलादी अ‍ॅडॅप्टर प्लेट लागते, ती लेथवाल्यानं अचूक करायची. केसाएवढा फरक राहिला तरी गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट तिरका बसतो आणि सहा महिन्यांत बेअरिंग रडायला लागतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवायचं. स्टार्टरला जास्त ताकद लागते, म्हणून मोठी बॅटरी आणि तिच्यासाठी नवी बैठक. शिवाय डिझेल इंजिन पेट्रोलइतकं वेगानं फिरत नाही. जीपच्या अ‍ॅक्सलचं प्रमाण ५.३८ ला १, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टनं पाचाहून जास्त वेळा फिरायचं. त्यामुळे पंचावन्न-साठच्या पुढे इंजिन नुसतं ओरडायचं. काकांना त्याचं दुःख नव्हतं. ऊस, खत आणि बाजारची माणसं वाहायला साठचा वेग पुष्कळ. अ‍ॅव्हरेज अकरा-बारावर गेलं.

एक गोष्ट मात्र मेस्त्रीनं केली नाही, आणि कुणीच करायचं नाही. ब्रेक. पुढचं वजन वाढलं, पण चारी चाकांचे ड्रम ब्रेक होते तेच राहिले. या धंद्याची खरी कमजोर बाजू हीच. मेस्त्री गाडी चालती करायचा, पण ती थांबते कशी हे तपासायचं साधन त्याच्याकडे नव्हतं.

आता कायद्याकडे येतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यातलं कलम ५२ गाडीतल्या बदलांचं. मूळ कलम म्हणत होतं की, आरसीतला तपशील बदलेल असं काही करायचं असेल तर आधी नोंदणी अधिकाऱ्याला कळवा आणि त्याची मंजुरी घ्या. अधिकाऱ्यानं सात दिवसांत पोस्टानं हो किंवा नाही कळवायचं. सात दिवसांत उत्तर आलं नाही, तर मंजुरी दिली असंच समजायचं! शिवाय छोटं-मोठं सामान लावल्या-काढल्यानं रिकाम्या गाडीच्या वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडला, तर परवानगीची गरजच नाही. हे आज वाचून दाखवलं तर लोकांना थट्टा वाटते. पण या कलमाचा सूर बघा. गाडी मालकाची आहे, बदल तो करणार, सरकारनं फक्त बघायचं आणि वेळेत सांगायचं.

काकांची नोंद याच कलमाखाली झाली. आरसी बुकात शाईच्या पेनानं इंधन आणि इंजिन नंबर बदलून शिक्का मारलेला. ते पुस्तक आजही घरात आहे.

तिकडे शहरात वेगळंच चाललं होतं. वडिलांची सेकंडहँड पद्मिनी होती. स्टिअरिंगवरचा गिअर झिजून ढिला झालेला, तो काढून खाली फ्लोअर गिअर केला. डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. हे दुसरं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. डायनॅमो मंद वेगात पुरेशी वीज देत नाही. रात्री गर्दीत गाडी हळू झाली की दिवे पिवळे पडायचे. अल्टरनेटरनं ते थांबलं. म्हणजे कंपनीनं दिली त्यापेक्षा गाडी जास्त सुरक्षित झाली, आणि ती केली कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियननं. त्याच माणसानं रिले न लावता कुणाला शंभर वॅटचे बल्ब बसवून दिले असते तर वायरिंग जळालंही असतं. दोन्ही कामं 'मॉडिफिकेशन'च.

मग २००० साल आलं. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं कलम ५२ चा कणाच बदलला. आता आरसीतला तपशील 'उत्पादकानं मूळ ठरवलेल्या' तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सात दिवसांची अट गेली, न कळवणं म्हणजे मंजुरी हेही गेलं. अपवाद ठेवला तो मुख्यतः इंधनाचा. सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौरऊर्जा यांवर गाडी चालवण्यासाठी किट बसवता येईल, ठरवून दिलेल्या अटींवर. मुंबईत धुराचा प्रश्न तेव्हा हायकोर्टात होता आणि टॅक्सी सीएनजीवर जात होत्या, त्यामुळे हा अपवाद आपल्याला चांगला आठवेल. पद्मिनीच्या डिकीत सिलिंडर बसला आणि प्रवाशांच्या बॅगा टपावरच्या कॅरियरवर गेल्या.

या नव्या कलमाचा अर्थ नेमका किती कडक, यावर केरळमधून आलेल्या खटल्यात ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालणार नाही. तशाच प्रकारचं दुसरं इंजिन नोंद करून बसवता येतं, पण मालकाच्या मर्जीनं गाडीचा मूळ ढाचा बदलता येत नाही. त्याच वर्षी कायद्यात शिक्षाही आली : बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड.

कोर्टाच्या निकालामागे तर्क आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. आजची गाडी काकांच्या जीपसारखी नाही. जीपला चॅसी होती, लोखंडी बंपर तिलाच बोल्ट केलेला. आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चॅसी नसते, सगळं अंग एकच, आणि धडकेत पुढचा भाग ठरवून चुरगळतो. त्यावर जाडजूड बुलबार लावला की धक्का भलत्याच मार्गानं आत येतो, एअरबॅगच्या सेन्सरचा हिशेब चुकू शकतो आणि समोरच्या पादचाऱ्याची तर हाडंच मोडतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना बुलबारवर कारवाई करायला सांगितलं ते योग्यच होतं. मित्रांना मी हेच सांगतो : गाडी घेतानाच ब्रेक, एअरबॅग, दिवे बघून वरचं मॉडेल घ्या. म्युझिक सिस्टीम नंतर लावता येते, एअरबॅग नाही.

पण कायदा उलटा फिरला तेव्हा त्याखाली कोण कोण सापडलं तेही बघा.

१९८८ च्या कायद्यात दिव्यांगांच्या वाहनाची व्याख्या होती. त्यात शब्द असे होते की वाहन खास त्यासाठीच बनवलेलं हवं, नुसतं जुळवून घेतलेलं नव्हे. आता मला सांगा, आपल्या गावात पोलिओ झालेला माणूस ज्या स्कूटरवर फिरतो ती कुठल्या कारखान्यात खास बनते? नेहमीची स्कूटर घ्यायची, मागे दोन जादा चाकं वेल्डरकडून लावून घ्यायची. मोटारीत क्लच-ब्रेक हातानं चालतील असे दांडे मेस्त्री करून देतो. म्हणजे व्याख्येत न बसणारी वाहनंच प्रत्यक्ष रस्त्यावर होती. हे दुरुस्त झालं थेट २०१९ मध्ये. जुनी व्याख्या गेली, बदल करून घेतलेलं वाहनही कायद्यात बसलं, आणि अशा मालकाला आधी बदल करून नंतर मंजुरी घेता येऊ लागली. एकतीस वर्षं लागली याला. याची मात्र कुणी रील बनवत नाही.

दुसरा सापडलेला माणूस म्हणजे काकांसारखा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गेल्या खेपेला कळलं की संगणकावर जीपचं इंधन अजून पेट्रोलच आहे. १९९१ चा शाईचा शिक्का कुणी त्यात उतरवलाच नव्हता. कायद्यानं दिलेली मंजुरी, कायद्यानं केलेली नोंद, आणि तरी काउंटरवर उत्तर काय, तर "बेकायदा मॉडिफिकेशन आहे." पाच चकरा, जुन्या रजिस्टरची प्रत, आणि मग कुठं काम मार्गी लागलं. ज्याच्या घरी जुनं पुस्तक जपून ठेवलेलं नाही त्यानं काय दाखवायचं?

आणि सरकारचं खरंच बदलांशी वाकडं आहे का? ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रानंच बीएस-६ पेट्रोल गाड्यांना सीएनजी-एलपीजी किट बसवायला, इतकंच नाही तर साडेतीन टनांच्या आतल्या गाडीतलं डिझेल इंजिन काढून गॅसवरचं बसवायला परवानगी दिली. हे काकांच्या मेस्त्रीचंच काम झालं की! फरक एवढाच की किटची चाचणी अधिकृत संस्थेकडून होते, जशी आपल्या पुण्यात टेकडीवरची एआरएआय. सीएनजीच्या सिलिंडरची तर दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तपासणी सक्तीची. म्हणजे तपासून बदल करू देणं सरकारला जमतं. ते फक्त इंधनापुरतं का, हा माझा प्रश्न आहे. अल्टरनेटर, चांगले ब्रेक, जुन्या जीपला तीन बिंदूंचे सीटबेल्ट, यांना तपासणीची अशीच सोपी वाट का नको? २०१९ च्या दुरुस्तीनं केंद्राला बदलांचे निकष ठरवायचा अधिकार दिलेला आहे. नवा कायदासुद्धा करावा लागणार नाही.

आपल्या जिल्ह्यात १९८९ ते २००० या काळात इंजिन किंवा इंधन बदललेल्या बऱ्याच जीपा आणि अ‍ॅम्बॅसिडर अजून पळतायत. त्यांपैकी कुणाची तुमच्या घरी असेल तर आजच परिवहनच्या साइटवर नंबर टाकून इंधनाचा रकाना बघा. जुळत नसेल तर नूतनीकरणाची तारीख यायच्या आधी अर्ज द्या, सोबत जुन्या आरसी बुकाच्या त्या पानाची प्रत जोडा आणि पोच घ्या. ज्यांच्याकडे असं शिक्क्याचं पान आहे त्यांनी नाव आणि नंबर झाकून फोटो खाली कॉमेंटमध्ये टाका. पंचवीस-तीस जमले तर एकत्र निवेदन घेऊन जाऊ.