कळसूबाईच्या पोटातला वायू

बारीतून कळसूबाई चढायला लागलं की लोखंडी शिड्यांपाशी दम लागतो आणि हात आपोआप कातळाला टेकतो. दगडात भोकं दिसतात, काहींत पांढरे स्फटिक. ही भोकं म्हणजे लाव्हा थिजताना आत अडकलेले वायूचे बुडबुडे. मला बरीच वर्षं वाटायचं, की पृथ्वीच्या पोटातला कार्बन डायऑक्साइड वर आला तो याच वाटेने. लाव्हा आला, बुडबुडे फुटले, वायू हवेत. सोपा हिशोब!

हिशोब चुकीचा होता, आणि नुसता माझाच नाही.

कर्नल साइक्सने १८३०च्या दशकात दख्खनच्या या थरावर थर रचलेल्या कातळांबद्दल लिहून ठेवलं. पुढे १९८०च्या दशकात भूशास्त्रज्ञांनी घाटातल्या थरांची नीट वर्गवारी केली, तेव्हा सर्वांत खालच्या, म्हणजे जुन्या थरांच्या गटाला नाव दिलं कळसूबाई. जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर हे त्याचे पाच भाग. आपल्या अकोले तालुक्यातलं शिखर असं जगभरच्या शोधनिबंधांत जाऊन बसलंय, आणि आपण मात्र नवरात्रात दर्शनाला जाऊन परत येतो. असो.

आता कोडं असं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले. त्याआधीच, काही लाख वर्षं अगोदर, पृथ्वी २ ते ४ अंशांनी तापली होती. संशय दख्खनवर होता, कारण ज्वालामुखी तेव्हाच जागे झाले होते. पण शिल्लक लाव्हा मोजून त्यातून किती वायू निघाला असेल हे काढलं, तर तो एवढ्या तापण्याला पुरत नव्हता.

२०२१ साली एका अमेरिकी नियतकालिकात याचं उत्तर सुचवलं गेलं. सौराष्ट्रातल्या आणि घाटातल्या ठाकूरवाडी थरांतल्या ऑलिव्हिन स्फटिकांत शिलारसाचे सूक्ष्म थेंब कोंडलेले सापडतात. स्फटिक खोलवर तयार झाला तेव्हाच ते आत अडकले, म्हणून त्यांतला वायू बराचसा टिकून राहिला. त्यांत वजनाने ०.२३ ते १.२ टक्के कार्बन डायऑक्साइड असल्याचा अंदाज निघाला. शिवाय सर्वांत आधीच्या शिलारसात तो अधिक होता.

गोटी सोडा आठवा. गोटी दाबली की दाब सुटतो आणि वायू उसळतो. शिलारसातही दाब कमी झाला की वायू सुटतो, पण कार्बन डायऑक्साइड फार उतावळा. पाण्याची वाफ वर येईपर्यंत शिलारसात विरघळून राहते. हा मात्र खाली, कवचाच्या तळाशीच वेगळा होऊ लागतो. म्हणजे शिलारस वर येवो न येवो, वायू भेगांतून वाट काढतो. जो शिलारस कधी बाहेर पडलाच नाही, जमिनीखालीच थिजला, त्याचाही वायू वर आला असणार. तो हिशोबात धरला की तापमानवाढीचं गणित जुळतं.

गंमत म्हणजे त्याची खूण आपल्याला दिसत नाही. शिडीपाशी हाताला लागणारी भोकं उशिरा सुटलेल्या, उरल्यासुरल्या वायूची. मुख्य माल त्याआधीच निसटला होता.

आज अकोल्यात ज्वालामुखी नाही. जगभरचे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याच्या शंभरपट आपण माणसं कोळसा-तेल जाळून सोडतो. दख्खनला ते २ ते ४ अंश गाठायला हजारो वर्षं लागली होती.