तेलाच्या घाण्यावर चाललेली गणिताची शाळा

काल संध्याकाळी शेजारची आठवीतली पोरगी वही घेऊन आली. "काका, एवढं एक सांगा ना." त्रिकोणाच्या बाजू १३, १४ आणि १५. क्षेत्रफळ काढा. मित्रांनो, खरं सांगतो, मी गणितात काठावर पास झालेला माणूस. घाम फुटला.

सूत्र काही आठवेना. मग चित्र काढलं. १४ ची बाजू पाया धरली आणि वरच्या टोकातून लंब टाकला. पायाचा एक तुकडा क्ष, दुसरा १४ वजा क्ष. दोन काटकोन त्रिकोण झाले आणि लंब दोघांचा एकच. म्हणजे १३ च्या वर्गातून क्ष चा वर्ग वजा केला काय आणि १५ च्या वर्गातून (१४ − क्ष) चा वर्ग वजा केला काय, उत्तर सारखंच. मांडलं तर क्ष चा वर्ग दोन्हीकडून उडाला आणि उरलं २८ क्ष = १४०. क्ष आला ५, लंब १२, क्षेत्रफळ ८४. पोरगी खूश. म्हणाली, "काका, हे तर भूमितीत बीजगणित घुसलं!"

ती गेल्यावर आठवलं, हेच गणित, हेच आकडे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहेत. ग्रंथ ११५० सालचा. त्यातही पाया १४, बाजू १३ आणि १५, पायाचे तुकडे ५ आणि ९, लंब १२, क्षेत्रफळ ८४. पुढे १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने 'लीलावती' फारसीत नेली, १८१७ मध्ये कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापलं गेलं. म्हणजे मुर्रीतल्या पोरीचा गृहपाठ साडेआठशे वर्षांहून जुना आहे.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. आपली विदर्भ एक्स्प्रेस मुंबईला जाताना चाळीसगाव लागतं ना, तिथून जवळच पाटणे गाव आहे. तिथला १२०७ सालचा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला. मठ म्हणजे आजच्या भाषेत शाळाच. लेख बहुतेक संस्कृतात आहे, पण दानाचा शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत. त्यात मठाला काय द्यायचं ते लिहिलं आहे. गावात जेवढे घाणे चालतील, तेवढ्यांनी दर घाण्यामागे एक पळी तेल द्यायचं!

विचार करा. गणित शिकणाऱ्यांसाठी अख्ख्या बाजारावर वाटा बसवला होता. घाणेवाल्याच्या घरचं कोणी तिथे शिकलं का, हा प्रश्न आहेच. बहुधा नसेलच. आज शाळेचं दार त्याच्याही पोरीला उघडं आहे, ही आपली मोठी कमाई. पण गणित अडलं की पुढे काय? ज्याच्या घरी पैसा, त्याची शिकवणी. ज्याच्या घरी मायबाप दोघंही रोवणीला जातात, त्या लेकराने कोणाला विचारायचं? मग ते गणितच सोडून देतं.

आणि गणित सोडून आपलं भागत नाही. धुऱ्यापायी भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात. वाकडीतिकडी बांधी त्रिकोणांत तोडली की क्षेत्रफळ निघतं, हे ज्याला कळतं तो मोजणीचा नकाशा आणि सातबारा समोर ठेवून स्वतः पडताळून पाहतो. ज्याला कळत नाही, तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.

म्हणून एक सुचवतो. गावात एक खोली, एक फळा, रोज संध्याकाळी एक तास. कॉलेजात शिकणारी आपलीच पोरं आळीपाळीने बसतील. वीजबिल आणि खडूचा खर्च दुकानदारांनी वाटून घ्यावा. मी सोमवारी बसायला तयार आहे, काठावर पास असलो तरी.

आपली एक पळी कोण देणार, बोला!