पायाखालचा ब्रह्मदेश

लाकडाच्या वखारीत सागाला नुसता साग कोणी म्हणत नाही. बल्लारशा, दांडेली, सीपी, बर्मा अशी त्याची ओळख गावाच्या नाहीतर मुलखाच्या नावाने होते. सीपी म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. या नावाचा प्रांत १९५० पासून नकाशावर नाही, पण वखारीच्या पावतीवर अजून आहे. अलीकडे या यादीत घाना, पनामा, कोस्टारिका, इक्वेडोर यांची भर पडली. पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये एका वखारीत मी सतरा वर्षे जमाखर्च लिहिला. इतिहासाचे माझे जे काही शिक्षण झाले ते तिथल्या चोपड्यांतून आणि नंतर ग्रंथालयांतून. या सगळ्या नावांत एकच असे होते की ते उच्चारताना विकणारा आणि घेणारा दोघेही आवाज थोडा खाली आणत. ते म्हणजे बर्मा.

आज घरात लाकडी जमीन करायची म्हणून दुकानात गेले की पुढ्यात रंगीत पुस्तिका येते. तीत ब्राझीलचे जटोबा आणि इपे, आग्नेय आशियातले मेरबाऊ, आफ्रिकेतले वेंगे अशी नावे असतात आणि वर 'एक्झॉटिक' असा शिक्का असतो. आपल्याकडे घराच्या जमिनीसाठी दूरदेशीचे लाकूड आणण्याची ही पहिली वेळ आहे, असा समज त्यातून होतो. तो खरा नाही. मुंबईत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हजारो माणसे समुद्रापलीकडून आलेल्या फळ्यांवर झोपत, जेवत आणि भांडत होती. फक्त त्या लाकडाला कोणी परदेशी म्हणत नव्हते. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, त्यामुळे तिथले लाकूड परके वाटण्याचे कारणच नव्हते. पण तो प्रांत झाला कसा, याचा एक धागा नेमका त्या लाकडातच आहे आणि त्याचे दुसरे टोक आपल्या रत्नागिरीत आहे.

आधी हे सांगायला हवे की लाकडावर पाय ठेवण्याची सवय मराठी घराला जुनी नाही. वाड्यात साग भरपूर असे, पण तो खांब, तुळई, दारे आणि कडीपाटात. माडीची जमीन करताना कड्यांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि वर शेणाचा सारवा. म्हणजे लाकूड खालच्या माणसाला डोक्यावर दिसायचे, वरच्या माणसाच्या पायाला मातीच लागायची. मोठा साग राज्याच्या कामाचा, हा विचारही आपल्याकडे होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणात याची तपशीलवार तजवीज आहे: राज्यातल्या अरण्यातला सागवान हुजूरच्या परवानगीने तोडावा, कमी पडेल तो परमुलखातून विकत आणावा, पण आंबे-फणसांना हात लावू नये. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा मजकूर आहे. लाकूड कमी पडले तर दुसऱ्याचे विकत घ्या, हिसकावू नका, असा त्याचा अर्थ मी घेतो. पुढच्या दीडशे वर्षांत ही मर्यादा कोणी पाळली नाही.

मुंबईच्या गोदीत १७३६ पासून वाडिया घराण्याने जहाजे बांधली ती प्रामुख्याने मलबारच्या सागातून. १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे त्यांतले एक जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात अजून तरंगते आहे. पण या हव्यासापायी मलबारची रानेच उतरणीला लागली. १८२६ च्या तहाने तेनासरीमचा किनारा आणि १८५२ च्या युद्धाने पेगू इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा सागाचा ओघ मोलमीन आणि रंगूनकडून सुरू झाला. १८६३ मध्ये वॉलेस बंधूंनी मुंबईत बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन काढली. मुंबईकर भागधारकांचा पैसा आणि ब्रह्मी जंगल यांची ही जोडी होती. गिरगाव, काळबादेवी, माझगाव इथल्या लाकडी सांगाड्याच्या इमारती याच काळात आणि नंतर उभ्या राहिल्या. त्यांत तुळया सागाच्या, त्यांवर फळ्या. कुठे फळ्यांवर कोबा आणि लाद्या, कुठे नुसत्याच उघड्या फळ्या. वरच्या बिऱ्हाडाची जमीन हेच खालच्या बिऱ्हाडाचे छत. वरती खलबत्ता चालला की खाली दिवा थरथरे आणि वरती बादली लवंडली की खाली गादी भिजे.

ब्रह्मी साग इतका चांगला का, याचे उत्तर त्याला मारण्याच्या पद्धतीतही आहे. ओला साग पाण्यात बुडतो आणि जंगलातून तो बाहेर काढायचा तर नदीशिवाय वाट नव्हती. म्हणून झाड तोडण्याआधी बुंध्याभोवती साल आणि त्याखालचे पांढरे लाकूड कापून एक खोल कडे पाडत. झाड उभ्या उभ्या मरे. दोन-तीन वर्षे ते तसेच वाळू देत, मग तोडत. हत्ती ओंडके ओढ्यापर्यंत नेत. पावसाळ्यात ओढ्याला लोंढा आला की ओंडके सुटत, पुढे मोठ्या नदीत त्यांचे तराफे बांधून रंगूनकडे सोडत. दूरच्या रानातला ओंडका बंदराला लागायला कित्येकदा वर्षे जात. गिरण्यांच्या करवतीखाली येईपर्यंत लाकूड इतके मुरलेले असे की त्याची फळी पुढे फारशी वळत किंवा पिळवटत नसे. आजचे भट्टीत वाळवलेले कोवळे लागवडीचे लाकूड पाहिले की हा फरक हाताला कळतो.

आता हिशेबाकडे येतो, कारण तो माझा जुना धंदा आहे. वखारीत ओंडका मोजायची एक इंग्रजी रीत अजून चालते. मधल्या भागाचा घेर दोरीने घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे. या रीतीने ओंडक्यातले लाकूड खऱ्यापेक्षा २१.५ टक्के कमी भरते. ते साल आणि कटाईत जाणारच, असे समर्थन देतात. घेणारा खूश असतो, रानवाल्याला कोणी विचारत नाही. लाकडाच्या व्यापारात मोजणाऱ्याच्या हातात केवढी सत्ता असते, हे ज्याने दोरी धरली आहे त्याला सांगावे लागत नाही. मंडालेच्या राजदरबारात १८८५ च्या ऑगस्टमध्ये जो खटला उभा राहिला तो मोजणीचाच होता. उत्तर ब्रह्मदेश तेव्हा स्वतंत्र होता आणि थिबा राजाने निंज्ञानच्या रानांचा मक्ता बॉम्बे बर्माला दिला होता. दरबाराचा आरोप असा की कंपनीने ऐंशी हजारांहून अधिक ओंडके बाहेर नेले आणि पैसे भरले ते निम्म्याहूनही कमी ओंडक्यांचे. दरबाराने सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. ऑक्टोबरमध्ये व्हाइसरॉय डफरिनचा निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्याला फौजा सरहद्द ओलांडून निघाल्या आणि २८ नोव्हेंबरला मंडाले पडले. १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा निघाला.

इतिहासकार सांगतात की लाकूड हे निमित्त होते. खरे कारण मंडालेत वाढणारे फ्रेंचांचे वजन आणि रंगूनच्या व्यापाऱ्यांचा दबाव. हे खरेच आहे. पण निमित्त म्हणून निवडलेली गोष्टही बोलकी असते. कंपनीचा हिशेब खोटा होता की दरबाराचा, याचा निवाडा त्रयस्थासमोर झालाच नाही. एका फिर्यादीतल्या प्रतिवादीसाठी सैन्य आले आणि न्यायाधीशालाच उचलून घेऊन गेले, असे मी याकडे पाहतो.

थिबा राजाला आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणले. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. रेल्वे नाही, पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून रत्नागिरी. आधी बंगल्यांत आणि १९१० पासून त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्यात तो राहिला. वाडा जांभ्याचा, उतरत्या छपरांचा, कोरीव अर्धगोल खिडक्यांचा. त्यातले लाकूड ब्रह्मदेशचा साग आहे असे रत्नागिरीत सगळेच सांगतात. डिसेंबर १९१६ मध्ये राजा तिथेच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परतली. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि अखेरपर्यंत तिथेच राहिली. तिची मुलगी अस्सल रत्नागिरीकर झाली. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन राजाच्या थडग्याला नमस्कार करायला आले होते. वाड्यात मधल्या काळात सरकारी तंत्रनिकेतन होते, आता वस्तुसंग्रहालय आहे. तिथे येणारे लोक राजाच्या विलासाच्या आणि कर्जाच्या गोष्टी ऐकून जातात. ओंडक्यांच्या मोजणीचा विषय मी तिथे कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

हे सगळे डोक्यात असताना माझ्या भाचीने ठाण्याच्या नव्या घरासाठी जमीन निवडायला मला बोलावले. "मामा, जटोबाच घ्यायचं ठरलंय. सागाच्या दुप्पट कठीण असतं म्हणे." दुकानदाराने तिला जँका आकडा दाखवला होता. पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, त्याचे ते माप. साग हजाराच्या आसपास, जटोबा त्याच्या दुपटीहून जास्त, इपे तिपटीहून जास्त. आकडे बरोबर आहेत, पण ते टाचांच्या बुटांनी घरात वावरणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत. आपण चपला दाराबाहेर काढतो. आपल्या जमिनीचे शत्रू म्हणजे पाणी, वाळवी आणि जुलैची हवा. तिथे कठीणपणा कामाचा नाही, ओलीने कमी फुगणे आणि अंगचे तेल असणे कामाचे. त्यात साग उजवा आहे, अर्थात जून झाडाचा गाभा असेल तर. लागवडीतल्या पंचवीस वर्षांच्या सागात पांढरे लाकूड बरेच असते आणि वाळवीला तेच आवडते. इपेची तर आता वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात नोंद झाली आहे, नोव्हेंबर २०२४ पासून त्याच्या निर्यातीला परवाना लागतो. खरा ब्रह्मी साग? म्यानमारने २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर अमेरिका व युरोपने तिथल्या सरकारी लाकूड महामंडळावर निर्बंध घातले. भारताने घातलेले नाहीत. त्यामुळे कापीव माल येथे येऊ शकतो. तो घ्यावा का, या प्रश्नाला मी तिला नाही असे उत्तर दिले. एकदा या लाकडापायी राज्य गेले, आता त्याचा पैसा लष्कराकडे जातो.

मग उरला जुना माल. तिच्या सासरची गिरगावातली इमारत त्याच वर्षी पुनर्विकासाला गेली होती. चार पिढ्या ज्या फळ्यांवर राहिल्या त्या पाडकाम करणाऱ्या कंत्राटदाराच्या मालकीच्या झाल्या होत्या. करारात तसे होते, भाडेकरूंना विचारण्याचा प्रश्न नव्हता. जावईबापूंनी रे रोडच्या एका वखारीत त्या शोधून काढल्या आणि घनफुटाच्या भावाने परत विकत घेतल्या. मोजणी चौथ्या हिश्श्याची नव्हती, फळीची होती. खिळ्यांनी चाळण झालेली टोके पण त्यात धरलेली होती. मी हटकले तेव्हा वखारवाला हसला.

मिस्त्रींनी एकेक खिळा उपटला, तरी रंध्याची दोन पाती गेली. सागाच्या अंगातच बारीक वाळूसारखे काहीतरी असते, ते पात्याची धार खाते. वरचा काळा थर निघाला तेव्हा आत हिरवट-पिवळे पट्टे दिसले. भाचीचा चेहरा पडला. उजेडात काही आठवड्यांत ते आपोआप एकसारखे तपकिरी होतात, हे मिस्त्रींनी सांगूनही तिला पटेना. झाले तसेच. खालच्या स्लॅबवर आधी ओल अडवणारा कागद घातला, भिंतीपाशी बोटभर जागा मोकळी सोडली, वर चकाकणारे पॉलिश न देता तेल-मेणाचा हात दिला. पुसायचे ते घट्ट पिळलेल्या फडक्याने, बादली ओतून नाही. कामाला येणाऱ्या मावशींना हे समजवायला महिना लागला.

खिळ्यांची भोके बुजवू का, असे मिस्त्रींनी विचारले होते. भाची नको म्हणाली. मे महिन्यात फळ्यांमध्ये पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडते आणि तिच्या मुलाचे पेन्सिलीचे तुकडे तीत जातात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती मिटते.