चौपाटीवरील भेळ आणि कंदुपक्व अन्नाचा अपवाद

मुंबईच्या गिरगांव चौपाटीवर सायंकाळीं भेळ खाणें हा विषय या त्रैमासिकांत यावा, याचें कांहीं वाचकांस नवल वाटेल. ताम्रपट, सनदा व बखरी यांच्या पंक्तीस कुरमुऱ्यांचें पान मांडणें अप्रशस्त, असेंही कोणी म्हणतील. परंतु कोणी कोणाच्या हातचें खावें हा प्रश्न आपल्या समाजांत शतकानुशतकें राजाज्ञेइतकाच कडक होता. आणि सभा, ठराव वा प्रायश्चित्त यांवांचून तो जेथें मागें पडला, अशा स्थळांत चौपाटीच्या वाळूची गणना करावी लागेल, असें आमचें मत आहे.

प्रथम पदार्थ पाहूं. कुरमुरे, शेव, मोडलेली पुरी, चिरलेला कांदा, उकडलेला बटाटा, चिंचगुळाचें आंबटगोड पाणी, हिरव्या मिरचीची चटणी, वर कोथिंबीर व हंगामांत कैरीचे बारीक तुकडे. हें सर्व विक्रेता आपल्यासमोर पातेल्यांत झपाझप कालवून हातीं देतो. खाऱ्या वाऱ्यानें तिची रुची दुणावते, याला मात्र आम्ही प्रमाण देऊं शकत नाहीं. यांतील बटाटा व मिरची हीं मूळचीं अमेरिकेंतलीं, पोर्तुगीजांच्या मार्फत आलेलीं. ‘बटाटा’ हें नांवही त्यांचेंच. पण भेळेचा पाया जो कुरमुरा, तो जुन्या घराण्यांतला. मुंबईस कुरमुरे, देशावर चुरमुरे, आमच्या वाशीमकडे मुरमुरे. भाजलेल्या धान्यास ऋग्वेदांत ‘धाना’ म्हटलें असून त्या इंद्रास अर्पण करीत. विवाहांतील लाजाहोमांत वधूच्या ओंजळींत तिचा भाऊ आजही लाह्या घालतो. भाजण्याच्या भट्टीस संस्कृतांत ‘भ्राष्ट्र’. त्याचेंच हिंदींत ‘भाड’ झालें, व त्यावरून भडभुंजा.

आतां मुख्य मुद्दा. परान्नाविषयीं स्मृतींनीं घातलेले निर्बंध सुप्रसिद्ध आहेत; त्यांतील एक अपवाद तितकासा प्रसिद्ध नाहीं. कंदु म्हणजे भाजण्याची कढई. तींत कोरडें भाजलेलें तें कंदुपक्व व तुपातेलांत तळलेलें तें स्नेहपक्व. सातू, दहीं इत्यादिकांबरोबर हीं दोन्हीं अन्नें शूद्राकडील असलीं तरी दोष नाहीं, असें स्मृतिवचन आहे. तें पोथींतच राहिलें नाहीं. आमच्या बालपणीं, १९६५ च्या सुमारास, ज्या वृद्ध स्त्रिया परक्याच्या घरीं पाण्याचा घोटही घेत नसत, त्याच वाशीमच्या बालाजीच्या यात्रेंत भडभुंज्याकडचे फुटाणे व मुरमुरे निःशंकपणें पदरांत घेत. त्यांनीं स्मृति वाचल्या नव्हत्या. अपवाद मात्र त्यांस मुखोद्गत होता.

या अपवादाबाहेर पाऊल पडलें म्हणजे काय होई, हें सर्वांस ठाऊक आहे. १८४९ सालीं मुंबईंत निघालेल्या परमहंस सभेचे सभासद ख्रिस्त्याच्या हातचा पाव खात, पण गुप्तपणें. नांवें बाहेर फुटतांच सभा मोडली. पुण्यास १८९० सालीं पंचहौद मिशनांतील चहाबिस्किटांवरून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य होऊन गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. १९२७ च्या मार्चांत महाडास चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. कोरड्या अन्नाचा अपवाद उदार दिसला तरी अस्पृश्यांपर्यंत तो पोंचत नव्हता, आणि पाण्यास तर तो मुळींच लागू नव्हता.

या दृष्टीनें भेळ पुन्हां पाहावी. कुरमुरे कंदुपक्व, शेव व पुरी स्नेहपक्व. येथवर सनातनी मनुष्याचीही हरकत नसावी. उकडलेला बटाटा व चिंचेचें पाणी येतांच मात्र अपवाद संपतो. ज्याचा पाया निर्दोष, त्यावर पडलेलीं चार ओलीं द्रव्यें कोणी वेगळीं मोजलीं नाहींत, असा आमचा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. वारकऱ्यांचा गोपाळकाला हा याचा जवळचा सोयरा. त्यांतही लाह्या, पोहे, दहीं एकत्र कालवून एकमेकांस भरवितात. भेळ काल्यापासून निघाली असें आम्ही म्हणत नाहीं. काल्यामागें भक्ति होती, भेळेमागें भूक आणि दोन घटकांची करमणूक.

कोणी चौपाटीवरील पावभाजीची कुळकथा १८६१–६५ च्या अमेरिकन यादवीशीं व कापसाच्या तेजीशीं जोडतात. त्या तेजींत वऱ्हाडचा कापूस मुंबईस जात असल्यामुळें ती आम्हांस गोड वाटते; पण आख्यायिकेस प्रमाणाची योग्यता देतां येत नाहीं.

स्थळाचा गुणही विसरतां येत नाहीं. गल्लींत ओळखीचे डोळे असतात. वाळूवर कोणी कोणाचा शेजारी नसतो. ज्या टिळकांवर एका चहापायीं ग्रामण्य झालें, त्यांचा अग्निसंस्कार १ ऑगस्ट १९२० रोजीं याच वाळूवर झाला, तेव्हां लोटलेल्या जनसमुदायांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. गणपतिविसर्जनाचा समुदायही असाच.

शेवटीं पाणीपुरी. येथें तर पाणीच मुख्य. विक्रेता अंगठ्यानें पुरी फोडतो, बोटांसह ती मसाल्याच्या पाण्यांत बुडवितो व ठिबकती तशीच आपल्या द्रोणांत ठेवतो. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही चौपाटीवर अशाच एका गाडीपाशीं उभे होतों. भोंवतीं दहाबारा माणसें होतीं. विक्रेत्याचें गांव कोणीं विचारलें नाहीं, जात तर नाहींच. आमच्याहून वृद्ध अशा एका गृहस्थांनीं एवढेंच विचारलें कीं, पाणी तिखट आहे कीं गोड.