विमान उतरते केव्हा?

विमानाची चाके जमिनीस टेकली की प्रवास संपला, अशी आपली सामान्य समजूत असते. वैमानिकाची एक अवघड परीक्षा मात्र तेथेच सुरू होते. वेगाने धावणारे विमान थांबेपर्यंत सरळ ठेवणे, ही ती परीक्षा होय.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांचे 'पस मॉथ' विमान लहानसे, एकाच इंजिनाचे. अशा विमानांना पुढे दोन चाके व शेपटीखाली एक छोटा आधार असे. भाराचा मध्य चाकांच्या मागे पडे. त्यामुळे धावताना नाक किंचित वळले, तरी मागचा भार पुढे येऊ पाही, वळण वाढत जाई आणि विमान गर्रकन गिरकी घेई. उतारावर मागे जड झालेली गाडी कशी आडवी होऊ पाहते, हे आमच्या बोथच्या शेतकऱ्यास सांगावयास नको.

त्या काळी यावर एक उपाय होता. मैदान मोकळे असल्याने वारा पाहून, त्याला सामोरे होऊन उतरता येई. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांनी आपले ठाणे पुण्यास हलविले. निसर्गाशी हट्ट चालत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

पुढे विमाने जड झाली, पक्क्या धावपट्ट्या आल्या आणि उतरण्याची दिशा बांधली गेली. वारा आडवा आला तरी पट्टी वळत नाही. तिसरे चाक नाकाखाली गेले, भार मुख्य चाकांच्या पुढे आला व विमान आपण होऊन सरळ राहू लागले. तथापि एक अडचण उरलीच. वेग असतो तोवर शेपटीचे सुकाणू हवेच्या जोरावर दिशा राखते. वेग ओसरला की ते काम चाकांनी करावयाचे. पट्टीवर पाणी साचले असेल, तर चाके त्या पाण्यावर तरंगतात आणि हवेचा आधार सुटत असतानाच जमिनीचाही मिळत नाही.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले एक लहान 'लिअरजेट ४५' विमान मुंबईस उतरताना धावपट्टीवरून बाजूस घसरले व मोडले. पाऊस मुसळधार होता आणि सातशे मीटरपलीकडचे दिसत नव्हते, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सांगितले. आत सहा उतारू व दोन वैमानिक होते. सुदैवाने आठही जण वाचले.

यंत्रे सुधारली, तरी जुना नियम पालटलेला नाही. उतरताना मन साशंक झाले, तर पुन्हा वर चढून फेरी घ्यावी, अथवा दुसरे विमानतळ गाठावे. खाजगी विमानात उतारू हाच पुष्कळदा मालक असतो, आणि त्याची घाई नकळत वैमानिकाच्या हातावर ओझे होऊन बसते. म्हणून माघार घेणाऱ्या वैमानिकास दोष देऊ नये. उशिरा का होईना, आपल्याला घरी पोचविणारा तोच असतो.