तलावातलं शेवटचं पाणी कुणाचं?

मार्च सरत आला की आमच्या पाझर तलावावर दरसाल तोच वाद. काठावर आम्हा शेतकऱ्यांच्या मोटारी, पाण्यात भोई बांधवांची जाळी आणि मधे उरलेलं कमरेएवढं पाणी. वादाचं मूळ तलाव बांधला तेव्हाच रोवलं गेलंय, म्हणून आज थोडा इतिहास.

सोलापूरजवळ अदिला नदीवरचा एकरूख तलाव, म्हणजे आपला हिप्परग्याचा, 1871 साली पुरा झाला. पुढं 1876 ते 78 चा मोठा दुष्काळ पडला. म्हसवडच्या राजेवाडी तलावासारखी कामं तेव्हा दुष्काळी मजुरांच्या हातून सुरू झाली. हेतू एकच, पिकाला पाणी. माशाचा हिशोब त्यात धरलाच नव्हता. ओढ्यानं चढून आला तो मासा: मरळ, वांब, शिंगटा. यातली मरळ वरची हवा घेऊन जगते, ओल्या चिखलातही तग धरते. दुष्काळाला सरावलेला मासा होता तो.

मग 1972 आलं. रोजगार हमीच्या कामांवर आपल्या आईबापांनी खडी फोडली, डोक्यावर माती वाहिली आणि गावोगाव पाझर तलाव उभे राहिले. पाणी मुरावं आणि खालच्या विहिरी भराव्यात, हे त्यांचं काम. म्हणजे बघा, पाझर तलाव जितका चांगला, तितका तो लवकर उतरणार.

त्याच तलावांत नंतर मासा सोडायला सुरुवात झाली. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेकडच्या मोठ्या नद्यांचे मासे, साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज नदीतूनच गोळा करावं लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथं डॉ. हिरालाल चौधरी यांनी पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातींचं प्रजनन घडवलं आणि बीज केंद्रात तयार होऊ लागलं. तलाव ठेक्यानं घ्यायचा, पावसाळ्यात बीज सोडायचं, असा मच्छीमार संस्थांचा धंदा त्यावर उभा राहिला. पण कटल्याला किलोभर व्हायला साधारण वर्ष लागतं आणि आमचा तलाव सात-आठ महिन्यांत तळ दाखवतो. गणित इथंच चुकतं.

2018 ला पावसानं दगा दिला. 31 ऑक्टोबरला सरकारनं 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. संस्थेचं बीज तोवर तलावात पडलेलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात माझीही मोटार पाण्यात होती, डाळिंब जगवायचं होतं. एका पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले. दिवस वर येईस्तोवर काठाला पांढरा थर. कुणीतरी औषध कालवलं असा गावात बोभाटा झाला. औषध कुणी टाकलं नव्हतं. पाणी थोडं, मासा दाट, रात्रीतून प्राणवायू संपला. पाव-पाव किलोचा माल गेला. माझी बाग वाचली. पलीकडच्या घरातलं वर्ष बुडालं. त्यात माझ्या मोटारीचा वाटा होता, हे मला नाकारता येत नाही.

त्यानंतर गावात बसून तीन गोष्टी ठरल्या. भिंतीवर रंगाची खूण केली, पाणी तिच्याखाली गेलं की मोटारी बंद. बारीक जिऱ्याऐवजी बोटभर वाढलेली बोटुकली सोडायची. आणि पाऊस कमी झाला तर मासा लहान असला तरी जानेवारीपासूनच काढायला लागायचं. भाव कमी येतो, पण हातात तर येतो. खूण दरवर्षी पाळली जाते असं नाही. मागं दोनदा मोडली, भांडणं झाली. तरी भांडायला आता एक रेघ आहे.

तलाव बांधणाऱ्यांत आमचेही होते, भोयांचेही होते. टोपली दोघांनीही वाहिली. मग शेवटचं पाणी एकट्या मोटारीचं कसं? तुमच्या गावात ही रेघ कुठं मारलीय, सांगा.